सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाची कवळी

रविवारी दुपारी आत्या तयार कवळ्या डब्यांत भरायला बसली आणि शेवटी एक कवळी उरली. डबी उरली असती तर तिने मनावर घेतलं नसतं. पण कवळी उरणं म्हणजे कुठेतरी एक माणूस तोंड मिटून बसलेलं असणार, ते माणूस उद्या सकाळी फोन करणार आणि तो फोन आत्यालाच उचलावा लागणार.

तिने ती उजेडात धरली. वरची थोरल्या भावाच्या हातची, यात शंका नव्हती. त्याचे पुढचे दात नेहमी जरा जास्तच सरळ असतात, शाळेत रांगेत उभे केल्यासारखे. खालची धाकट्याची. तो एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावतो, म्हणजे माणूस खरा वाटतो, असं त्याचं म्हणणं. काम दोन्हीकडचं झकास होतं. फक्त डॉक्टरचं नाव कुठेच नव्हतं.

"ही कुणाची?" तिने खोलीला विचारलं.

खोलीलाच विचारावं लागायचं. वडिलांच्या म्हातारपणी दोघा भावांनी मिळून त्यांना कवळी करून दिली होती, ती बोलताना टकटक वाजायची. थोरला म्हणाला, खालची वाजते. धाकटा म्हणाला, वरची. वडील गेले, टकटक थांबली, भांडण तेवढं मागे राहिलं. तेव्हापासून खिडकीजवळच्या टेबलावर थोरला वरचे जबडे करायचा, नळाजवळच्या टेबलावर धाकटा खालचे, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलायचे नाहीत. मधे तिसरं टेबल होतं. नवीन साचे आले की त्यावर ठेवायचे. वरचा हा उचलणार, खालचा तो. हा कुणाचा, घाईचा आहे का, असं विचारायची सोय नव्हती, कारण विचारायचं म्हणजे बोलायचं.

आता वरचे दात खालच्या दातांवर नीट बसले नाहीत, म्हणजे चावा जुळला नाही, तर कवळी फुकट. न बोलणाऱ्या दोन माणसांचा चावा जुळवणार कोण? त्यासाठी घरात अक्कलदाढ होती.

अक्कलदाढ म्हणजे धाकट्याची मुलगी. सगळ्यांनी आशा सोडल्यावर उशिरा उगवली, म्हणून आजोबांनीच हे नाव पाडलं होतं. शाळेतून आली की दप्तर टाकून ती वरचा जबडा बाबांकडे न्यायची, खालचा काकांकडे. बाबा म्हणतात तुमच्या दाढा उंच झाल्यात. काका म्हणतात तुमच्याच बुटक्या आहेत. निरोपातल्या शिव्या वाटेत गाळायच्या आणि उरलेलं पोचवायचं, हे काम ती बोबडं बोलत होती तेव्हापासून करत आली होती. विद्यापीठात गेल्यावरही शनिवार-रविवारी घरी येऊन आठवड्याभराचे चावे जुळवून द्यायची. प्राचीन इतिहास शिकते म्हणजे तिथे नेमकं काय करते, हे आईशिवाय कुणी विचारलं नव्हतं. चावा जुळतोय ना, मग झालं.

"नवीन डॉक्टर असतील," खिडकीजवळून काका म्हणाले. "साच्यावर नुसता नंबर होता. हल्ली नंबरच टाकतात."

नळाजवळून बाबा आत्यालाच म्हणाले की जबडा एवढासा म्हणजे बाईच, कुणी का असेना, हिरड्या फार वाळल्या होत्या बिचारीच्या. नुसतं हाड राहिलं होतं. आतली बाजू हाताने घासून गुळगुळीत केलीय, टोचायची नाही.

तेवढ्यात अक्कलदाढ ओले केस पुसत आत आली. काल दिवसभर ती मैत्रिणीकडे निबंध टाईप करत बसली होती, रात्री जेवून सरळ झोपली होती. तिने मधलं टेबल पाहिलं, टेबलाखाली पाहिलं.

"इथला माझा जबडा कुणी उचलला?"

आत्याने हातातल्या कवळीकडे पाहिलं. मग भाचीकडे. मग कवळी पदराआड घेतली, पण गुलाबी रंग पदराआड राहणारा नसतो.

तो जबडा तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका म्हातारीचा होता. म्हणजे म्हातारीचा खरा जबडा दूरच्या एका संग्रहालयात काचेमागे होता, आणि त्याचा वरचा-खालचा मिळून प्लास्टरचा साचा विद्यापीठातल्या विभागाकडे होता, एकुलता एक. तिथे शिकवणाऱ्या मॅडमनी तो अक्कलदाढेच्या ओंजळीत ठेवताना तिची ओंजळ आधी तपासून पाहिली होती. म्हातारीचे सगळे दात ती जिवंत असतानाच पडले होते आणि खड्डे भरून हाड गुळगुळीत झालं होतं, त्यावरच निबंध होता. शुक्रवारी अक्कलदाढेने तो स्वेटरमध्ये गुंडाळून बसमधून मांडीवर आणला. घरात शिरली, स्वेटर उलगडला, आणि नीट राहावा म्हणून जबडा ठेवला मधल्या टेबलावर. दुसरीकडे कुठे ठेवायचा, हे तिच्या मनातच आलं नाही. हातात जबडा असला की तिचे पाय जन्मापासून तिकडेच वळत आले होते.

"साचा कुठाय?" तिने विचारलं, आणि विचारता विचारताच तिला उत्तर कळलं. गरम पाण्यात शिजून कडक झालेली कवळी साच्यातून सुटत नाही. साचा फोडावा लागतो. धंद्यातली ही पहिली गोष्ट तिला अक्षरओळखीच्या आधीपासून माहीत होती. फुटलेलं प्लास्टर बादलीत जातं, बादली सकाळी कचऱ्याच्या गाडीत.

ती मधल्या टेबलाशी बसली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं आईला दारातून वाटलं.

मॅडम चार वाजता येणार होत्या, आणि काही नुसता साचा न्यायला नाही. पुढच्या दोन वर्षांसाठी हाताखाली त्यांना एकच विद्यार्थी घ्यायचा होता. साचा एका हातात आणि निबंध दुसऱ्या हातात धरून त्या आज ठरवणार होत्या, आणि जमलं तर घरच्यांशी बोलणार होत्या, कारण शनिवार-रविवार उत्खननावर जायचं, घरी यायचं नाही. हे अक्कलदाढेने मागच्या रविवारी सांगितलं तेव्हा काका नाही म्हणाले. काका नाही म्हणाले म्हणून बाबा तत्काळ हो म्हणाले. आत्या म्हणाली, येऊ देत मॅडमना, मग बघू. आत्याच्या भाषेत हेही नाहीच होतं. आईला कुणी विचारलं नाही.

"कवळी आहे ना," बाबा एकदम म्हणाले. "कवळीच्या आत हिरडी जशीच्या तशी उमटलेली असते. आत प्लास्टर ओतलं की जबडा परत."

सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. काकांनी मान डोलावली. बाबांच्या बोलण्यावर काकांची मान डोललेली आत्याने वडील गेल्यापासून पाहिली नव्हती. तिने पदर खोचला, आणि ती घरातल्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या कटाची म्होरकी झाली. कुणाला काय कळतंय, ती म्हणाली, प्लास्टर म्हणजे प्लास्टर. चार वाजता बाई येतील, चहा घेतील, जबडा घेतील, जातील.

आईने मात्र दारातूनच सांगितलं की असं करू नका.

"वन्सं, निबंध मी वाचलाय," ती म्हणाली. "त्या जबड्याच्या बाईंना एकही दात नव्हता, तरी पुढे वर्षानुवर्षं जगल्या. म्हणजे कुणीतरी कुटून, मऊ करून भरवत होतं. ही पोर ते शोधतेय. तिच्या हातात तुम्ही खोटा जबडा देणार?"

आत्या म्हणाली, खोटा कसा, आपल्याच घरचा आहे.

काका प्लास्टर चाळायला लागले. चाळता चाळता त्यांच्या मनात आलं की मॅडम रागावल्या तर पोर घरीच राहील. दर शनिवारी येईल, चावे जुळत राहतील, सगळं चाललंय तसं चालेल. आपण काहीच करायचं नाही, नुसतं प्लास्टर जरा जाडं ठेवायचं. हा विचार त्यांनी चाळणीच्या दोन फेऱ्यांइतका वेळ केला. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी तेच प्लास्टर पुन्हा एकदा, आणखी बारीक चाळलं.

जबडा निघाला. हिरडीचा भाग असा हुबेहूब की अक्कलदाढेचा जीव भांड्यात पडला. पण कवळी झाकते तेवढंच निघालं होतं. म्हातारीला हनुवटी नव्हती.

काका म्हणाले, हनुवटी आपण हाताने घडवू. अक्कलदाढ म्हणाली, काका, तीन हजार वर्षांपूर्वीची हनुवटी अंदाजाने कशी घडवणार? काका म्हणाले, अंदाजाने कशाला, एखादी वयस्क बाई समोर बसवून. आणि खोलीत नजर फिरवता फिरवता ती आत्यावर येऊन थांबली.

आत्याने आधी साफ नाही म्हटलं. आपण काही एवढ्या जुन्या नाही, तिने ठणकावलं. मग ती खिडकीजवळच्या स्टुलावर जाऊन बसली, केसांवरून हात फिरवला आणि हनुवटी वर केली. डावी बाजू घे, ती म्हणाली, डावी चांगली आहे.

काकांनी जेमतेम पहिला लपका लावला, तोच नळाजवळून खाकरणं ऐकू आलं. बाबा आत्याला म्हणाले, त्याला सांग, हनुवटी खालच्यात येते. आत्याला मान हलवायची मनाई होती, म्हणून तिने ओठ न हलवता तो निरोप समोर दिला. काकांनी निरोप पाठवला की कोरीवकाम ज्याला येतं त्याने करावं. शेवटी अक्कलदाढेने प्लास्टरची वाटी उचलली आणि सवयीने दोन टेबलांमध्ये फेऱ्या सुरू केल्या. काकांनी डावी बाजू घडवली, बाबांनी उजवी, आणि आत्या स्टुलासकट इकडून तिकडे वळत राहिली. वाळल्यावर चहाच्या पाण्याने पुसून जबडा पिवळट केला. आईने चहा द्यायचं नाकारलं, तो आत्याने स्वतः उकळला.

मॅडम आल्या त्या जिना चढून, गुडघ्यावर हात ठेवत. बारीक अंगाच्या, मोठी पिशवी, केसांत पेन खोचलेलं आणि विसरलेलं. घर त्यांना आवडलं. जिकडेतिकडे जबडे मांडलेलं घर त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं, निदान राहतं घर तरी. आत्याने बशीतून आणावा तसा साचा आणून त्यांच्यासमोर ठेवला.

या म्हातारीला मॅडम वीस वर्षं ओळखत होत्या. वर्गात नीट ऐकत नाही त्याच्या हातात त्या तिला द्यायच्या, मग तो ऐकायचा. त्यांनी साचा उचलला आणि अंगठा आपोआप उजव्या बाजूच्या त्या गुळगुळीत जागी गेला. जागा होती. पण बोटं खाली गेली तिथे काहीतरी बदललं होतं. म्हातारी सुधारली होती. हनुवटीखाली चांगली भरली होती, दोन वेळचं नीट मिळत असल्यासारखी. आणि ती एका बाजूने थोडी करारी वाटत होती, दुसऱ्या बाजूने थोडी मवाळ. मॅडमनी चष्मा लावून पुन्हा पाहिलं. मग नजर वर केली. समोर आत्या चहा ओतत होती. मॅडमनी हातातली हनुवटी पाहिली, आणि आत्याची पाहिली.

आत्या म्हणाली, साखर किती?

आता इथे कुणी काही बोललं नसतं तर काय झालं असतं, यावर पुढे घरात बराच काथ्याकूट झाला. आत्याचं मत असं की पचलं असतं. अक्कलदाढेला मात्र दिसत होतं की मॅडमचा अंगठा पुन्हा त्या जागी गेलाय आणि तिथेच थांबलाय, ओळखीच्या माणसाच्या हातात हात देऊन चेहऱ्याकडे बघत राहावं तसा.

"मॅडम, तो साचा नाही हा," ती म्हणाली. "तो फुटला. मीच टेबलावर ठेवला होता, घरच्यांनी कवळी बसवून दिली. मग कवळीवरून हा केला. हिरडी खरी आहे. हनुवटी आत्याची आहे."

आत्याने चहाची किटली खाली ठेवली. बाबा नळ पुसायला लागले. नळ कोरडाच होता. काकांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि तिथे पाहण्यासारखं बरंच काही असल्यासारखे पाहत राहिले.

मॅडमनी साचा मांडीवर ठेवला. रागावल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. त्यांनी पिशवीत पेन शोधलं, आईने हळूच केसांकडे बोट दाखवलं, तिथून काढलं, आणि कोरा कागद मागितला. विभागात हा आता परत ठेवायचा तर याच्याबरोबर याची हकिगत ठेवावी लागेल, त्या म्हणाल्या. कुणी काय केलं, आधी काय झालं, मग काय. नाहीतर शंभर वर्षांनी कुणीतरी या हनुवटीवर पुस्तक लिहील.

आत्याला ही कल्पना वाईट वाटली नाही.

काकांनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी वरचा साचा काल संध्याकाळी फोडला, पण त्याआधीच नळाकडे हातोडीचा आवाज झालेला होता. तेव्हा पहिलं फोडणं काही त्यांचं नव्हे. मॅडमनी लिहून घेतलं. बाबा आत्याला म्हणाले, त्याला सांग, धादांत खोटं आहे. आत्या अजून हनुवटीच्या पुस्तकात होती, म्हणून अक्कलदाढ उठली.

"काका, बाबा म्हणतात की—"

"तू नको," मॅडम म्हणाल्या. "तू चांगली आहेस, तू गाळून सांगशील. मला न गाळलेलं हवंय. त्यांनाच बोलू दे."

बाबांनी फडकं पिळलं. ते कोरडं होतं, तरी पिळलं.

"दादा," बाबा म्हणाले, "तू आधी फोडलास."

आत्याने खुर्चीची पाठ धरली. हा शब्द या खोलीत ऐकून किती काळ झाला, ते तिला मोजवेना. काका सावकाश वळले.

"मी? तुझी हातोडी मी या कानांनी ऐकली."

"माझी हातोडी मोडलीय कधीची. घरात एकच उरलीय, ती तुझ्याकडे. मागणार कशी? बोलत होतास का?"

"मी बोलत नव्हतो? तू बोलत नव्हतास."

मॅडम भराभर लिहीत होत्या. दोन ओळींतच दोन्ही साक्षी एकमेकींशी जुळेनाशा झाल्या, तिसरीत प्रत्येक साक्ष स्वतःशीच जुळेनाशी झाली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू घरी परतल्यासारखं समाधान आलं. काकांनी पुरावा म्हणून कवळी आणली. बाबांनी खालची हिसकावली. आणि दोघांनी मिळून, मधे कुणाचाही हात न येता, वरची खालचीवर बसवली.

बसली नाही. काल चावा जुळवायला अक्कलदाढ घरात नव्हती, ज्याने त्याने आपल्या मनाने दात लावले होते. वरचे दात पुढे, खालचे एका अंगाला. तीन हजार वर्षांनी म्हातारीला तोंड मिळालं होतं, ते वेडावून दाखवणारं.

मग जे सुरू झालं ते लिहून घेण्याचा नाद मॅडमनी सोडला. दाढांच्या उंचीवरून ते निघाले, तिरक्या दातावर आले, तिथून वडिलांच्या कवळीवर. टकटक वरची होती की खालची, हे एवढी वर्षं दोघांनी तिसऱ्याच माणसांना सांगितलं होतं. आता प्रथमच ते योग्य माणसाला सांगायला मिळत होतं आणि दोघांनाही त्याचा आनंद लपवता येत नव्हता. आईने खिडक्या लावून घेतल्या. आत्या डोळे पुसत म्हणत होती की दोघंही मूर्ख आहेत, आणि हे ती अतिशय प्रेमाने म्हणत होती.

जिन्याच्या तोंडाशी मॅडम चपला घालता घालता बोलल्या. साच्याबद्दल वर कळवावं लागेल, बोलणी बसतील, ती दोघींना बसतील. नवा साचा यायला महिने जातील. आणि हा निबंध आता नाही चालणार, जो जबडा राहिला नाही त्यावर नवीन मापं कशी घेणार. दुसरा विषय घ्यायचा, पहिल्या ओळीपासून. अक्कलदाढेने प्रत्येक गोष्टीला मान डोलावली.

"तसाही तो फार लांब होता," मॅडम म्हणाल्या. "'हनुवटी आत्याची आहे' हे एक वाक्य त्या सगळ्याहून चांगलं होतं. तसं लिहिता येतंय का बघायला दोन वर्षं पुरतील. माझी बस सहाची आहे. घरच्यांना विचारून येत असशील तर ये."

अक्कलदाढ आत गेली. दोघं भाऊ मधल्या टेबलावर डोक्याला डोकं लावून वाकले होते, मधे ती कवळी. काका दाढ घासत होते आणि बाबा कुठे घासायची ते बोटाने दाखवत होते, आणि दोघंही एकदमच बोलत होते. ती दारात थांबली. कुणीतरी हाक मारेल, हे तिकडे नेऊन दे म्हणेल, असं तिला वाटलं. कुणी मारली नाही. याच दिवसाची ती लहानपणापासून वाट बघत आली होती, आणि आता आनंद झाला तो दाढ काढल्यावर होतो तसा. दुखणं गेलेलं, आणि जीभ पुन्हा पुन्हा रिकाम्या जागेकडे वळते.

"काका, बाबा," ती म्हणाली, "मॅडमनी मला घेतलंय. आजच निघायचंय. मी जाऊ का?"

दोघांपैकी कुणी वर पाहिलं नाही. ती दारात उभी होती आणि तिची सावली नेमकी टेबलावर पडली होती.

"जा, जा," दोघं एकदमच म्हणाले. "उजेड अडवू नकोस."

ती तशीच उभी राहिली. याला परवानगी म्हणायचं का, हे तिला कळेना. आईने तर तिची बॅग भरून केव्हाच दाराशी आणून ठेवली होती. आत्याने ती उचलली आणि भाचीच्या खांद्याला अडकवली.

"दोघांनी एका दमात एकच गोष्ट सांगितलीय," ती कानाशी कुजबुजली. "या घरात असं पुन्हा होणार नाही. त्यांच्या लक्षात यायच्या आत पळ."